गरोदरपणात सगळं तपासलं, श्वासाचं कुणी विचारलं नाही : नाशिककरांनो, अनुभव लिहा

सिडकोची_माय

दुसरी खेप आहे, सातवा लागलाय. मोठं लिहिणार आहे, पण वाचा.

पहिल्या वेळी मुलगी छत्तिसाव्या आठवड्यात झाली, २ किलो १०० ग्रॅमची. अकरा दिवस काचेच्या पेटीत होती. आता तिला चौथं वर्ष चालू आहे आणि दर हिवाळ्यात नेब्युलायझर कपाटातून खाली येतो. थंडी सुरू झाली की रात्री तिच्या छातीची घरघर ऐकत मी जागी असते.

परवा त्या वेळचं कार्ड हाताला लागलं. वजन, बीपी, हिमोग्लोबिन, लघवी, सोनोग्राफी, धनुर्वाताची इंजेक्शनं, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. लोहाच्या गोळ्या एकही न चुकवता घेतल्या होत्या. पण नऊ महिन्यांत मला कुणीही विचारलं नाही की बाई, तू राहतेस कुठे, खिडकीबाहेर काय जळतं, आंघोळीचं पाणी कशावर तापतं.

तेव्हा आम्ही अंबडच्या बाजूला पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहत होतो. मागे मोकळा प्लॉट. दिवेलागणीला तिथे कचरा पेटायचा. प्लॅस्टिक, थर्माकोल, कधी वायरी, कधी टायर. मालकीणबाईंचा बंब नेमका माझ्या खिडकीखाली, पाच घरांचं पाणी त्यावर तापायचं. बाहेरच्या कंपनीतून आणलेली रंगीत लाकडं आणि खोके त्यात घालत. आणि डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलं म्हणून मी डिसेंबर-जानेवारीत साडेसहाला हायवेच्या सर्व्हिस रोडने चालायचे. तोंडाला स्कार्फ. वाटायचं, आपण बाळासाठी सगळं नीट करतोय.

धुरानेच मुलगी लवकर झाली असं कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही, मीही सांगत नाही. पण या वेळी मला तीच हवा पोटातल्या बाळाला द्यायची नाही. घर बदललंय, तरी इथेही सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते उकरलेत आणि संध्याकाळी जळका वास येतोच. ज्यांना माहिती आहे, ज्यांच्या घरात असं घडलंय, त्यांनी लिहा. मला माझ्यापुरतं नको आहे, गल्लीत आम्ही तिघी जणी आहोत दिवस गेलेल्या.

गोदाकाठ

पोरी, मी तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे म्हणून एकेरीत लिहितो. आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं.

नाशिकची हवा चांगली, ही समजूत आमच्या पिढीने घट्ट धरून ठेवली आहे. एके काळी मुंबईची माणसं देवळालीला हवापालटासाठी यायची, क्षयाचे रोगी इथे बरे व्हायला राहायचे. त्या आठवणीवर आपण अजून विसंबून आहोत. केंद्राने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा हवेचे मापदंड न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत नाशिकचं नाव होतं. ही गोष्ट आपल्याकडे घराघरांत पोचायला हवी होती, ती पोचली नाही.

आता तुझ्या सकाळच्या चालण्याबद्दल. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर गार होते. जमिनीलगतची हवा थंड आणि जड, तिच्यावर उबदार हवेचा थर. हा थर झाकणासारखा बसतो. शेकोट्या, बंब, ट्रक, भट्ट्या यांचा सगळा धूर त्या झाकणाखाली अडकतो. ऊन तापून झाकण उचललं जाईपर्यंत नऊ-दहा वाजतात. म्हणजे थंडीत पहाटेची हवा ताजी वाटते, पण मोठ्या रस्त्यालगत ती दिवसातल्या सर्वांत वाईट हवांपैकी एक असते. थंडीत चालायचं तर ऊन वर आल्यावर, आतल्या गल्लीत किंवा बागेत. उन्हाळ्यात उलट, सकाळी लवकर.

दुसरं, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ नावाचं ॲप आहे. त्यात ५१ ते १०० या हवा-गुणवत्ता निर्देशांकाला ‘समाधानकारक’ म्हणतात. त्या गटात पीएम २.५ हे अतिसूक्ष्म कण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत बसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांसाठी सुचवलेली मर्यादा १५ आहे. चौपट फरक आहे हा. म्हणून गरोदर बाईने नुसता तो शब्द वाचून निर्धास्त होऊ नये, पीएम २.५ चा आकडा बघावा. आणि तो आकडाही चोवीस तासांच्या सरासरीचा, यंत्र बसवलंय त्या जागेचा. तुझ्या खिडकीमागच्या प्लॉटवर पेटलेला टायर त्यात दिसणार नाही. त्यासाठी आपलं नाकच खरं.

स्कूटीवाली_इंदिरानगर

काका, स्कार्फबद्दल सांगा ना. आम्ही सगळ्या द्वारका चौकातून रोज स्कार्फ गुंडाळूनच जातो. माझी वहिनी पाचव्या महिन्यात आहे, तीही तशीच जाते.

गोदाकाठ

स्कार्फने ऊन आणि जाड धूळ अडते. पीएम २.५ म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढा कण, तो कापडाच्या विणीतून सहज जातो. वहिनीला एन ९५ मास्क दे, नाकापाशी नीट चिमटा बसवून. दम लागत असेल तर काढून सावलीत बसायचं, अट्टाहास नको. त्याहून चांगलं म्हणजे सिग्नलला ट्रकच्या मागे उभं न राहणं आणि जमलं तर वेळ बदलून निघणं.

आशा_पेठ

सिडकोच्या ताई, तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. मी पेठ तालुक्यात आशा आहे, बारा वर्षं झाली. तुम्हाला विचारलं नाही, तसंच मीही किती जणींना विचारलं नव्हतं ते आठवलं.

आमच्याकडे उज्ज्वलाचा गॅस बहुतेक घरांत आहे. २०१६ ला योजना आली तेव्हा मीच फॉर्म भरून दिले. पण घरात टाकी असणं आणि टाकीवर स्वयंपाक होणं यात फार अंतर आहे. टाकी पाहुण्यांच्या चहाला आणि आजारपणात. भाकरी चुलीवर, कारण सरपण रानातून येतं, त्याला पैसे पडत नाहीत. पावसाळ्यात ओलं लाकूड, घर बंद, बाई फुंकणीने फुंकत बसते. मांडीवर एक आणि पोटात एक. आम्ही त्या घरात गेलो की पाच मिनिटांत आमचे डोळे चुरचुरतात, ती दिवसातून तीन-चार तास तिथेच असते.

उन्हाळा तर वेगळाच. सुरगाण्याकडे, आमच्याकडे पाऊस धो-धो पडतो आणि मार्चपासून विहिरी आटतात. आठव्या-नवव्या महिन्याची बाई डोक्यावर हंडा घेऊन दरी उतरते, चढते. पाणी कमी म्हणून पितेही कमी. वाटेत लघवीला जायची अडचण म्हणून अजून कमी पिते. मग लघवीला जळजळ, ताप, आणि त्यातून कळा लवकर सुरू होतात. हे मी माझ्या वहीत पाहिलंय, एप्रिल-मे महिन्यांत जास्त.

बाळ जन्मलं की ४२ दिवसांत सहा वेळा आम्ही घरी जातो. वजन, ताप, श्वास मोजतो. आता मी आणखी एक बघते. बाळाची झोळी कुठे बांधली आहे. निम्म्या घरांत ती चुलीच्या खोलीतच असते, आईच्या नजरेसमोर राहावी म्हणून. ती फक्त ओटीवर किंवा दाराशी घ्यायला सांगते. याला पैसे लागत नाहीत, सासूबाई पण ऐकतात.

पंचवटीची_आजी

मला एक बोलायचं आहे. आम्ही तीन पिढ्या बाळंतिणी सांभाळल्या. ओवा, बाळंतशेपा, वेखंड निखाऱ्यावर टाकून आईला आणि बाळाला धुरी दिली, बाजेखाली शेगडी ठेवली, कान बांधले. माझी चारही मुलं धडधाकट आहेत. आता धुराबरोबर धुरीलाही नावं ठेवणार का? बाळंतिणीला ऊब नको का? नाशिकच्या थंडीत, निफाडला तर दवबिंदू गोठतात, तिथे ओल्या अंगाच्या बाईला काय करायचं?

बालरोग_नारोड

आजी, नमस्कार. तुमचा प्रश्न अगदी बरोबर जागी आहे. बाळंतिणीला आणि नवजात बाळाला ऊब हवीच, थंडीत बाळ गार पडणं जिवावर बेतू शकतं. जुन्या बायकांनी ऊब ओळखली होती, ती शंभर टक्के बरोबर. अडचण ऊब देण्याच्या साधनात आहे.

निखारा लाल दिसतो, धूर दिसत नाही, म्हणून तो निर्धोक वाटतो. पण कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो. बाळंतिणीचं रक्त आधीच गेलेलं, बऱ्याच जणींचं हिमोग्लोबिन नऊ-दहा. जे थोडं रक्त ऑक्सिजन वाहणार, त्यातलंही काही अडकून बसतं. पूर्वीच्या घरात वरून कौलांच्या फटी होत्या, वाडे हवेशीर होते. आता दहा बाय दहाची स्लॅबची खोली, खिडक्यांना काचा, दाराला पडदा, वर गोधडी. शेगडी तीच आहे, खोली बदलली. दर थंडीत बाळंतीण गुंगीत सापडल्याचं एखादं तरी प्रकरण आमच्याकडे येतं.

म्हणून आजी, ऊब अशी द्या : बाळ आईच्या छातीला उघड्या अंगाने लावून वरून दुलई, डोक्याला टोपडं, पायात मोजे. आईला गरम पाण्याच्या पिशवीने शेक. ओवा-शेपा पोटात घ्यायला माझी काहीच हरकत नाही. फक्त निखारा खोलीबाहेर.

आता धागाकर्त्या ताईंसाठी. २०१९ मध्ये बेल्जियममधल्या हॅसेल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी बाळंतपणानंतरची वार तपासली. वारेच्या बाळाकडच्या बाजूलाही काजळीचे कण दिसले. आईने श्वासात घेतलेली काजळी फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून वारेपर्यंत पोचते, हे त्यातून डोळ्यांनी दिसलं. आधी आपण समजायचो की वार गाळणीसारखी आहे. ती आहे, पण या कणांपुढे पुरी पडत नाही. सूज वाढते, वारेतला रक्तपुरवठा मंदावतो, बाळ वजनात मागे राहतं किंवा लवकर येतं.

आकडा मोठा आहे. ‘स्टेट ऑफ ग्लोबल एअर’च्या २०२० च्या अहवालाने २०१९ या एका वर्षात जगात जवळपास ५ लाख बाळं पहिल्याच महिन्यात हवेच्या प्रदूषणाशी जोडलेल्या कारणांनी गेल्याचा अंदाज दिला. त्यात भारतातली १ लाख १६ हजारांहून अधिक. बहुतेक बाळं कमी वजनाची किंवा अपुऱ्या दिवसांची. आणि जगभरातल्या या मृत्यूंपैकी जवळपास दोन तृतीयांश घरातल्या चुलीच्या धुराशी जोडलेले. आशाताई जे पेठमध्ये बघतात, ते हेच.

पण मला प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायची आहे, नाहीतर लोक उद्या म्हणतील डॉक्टरने अर्धंच सांगितलं. तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथे सुमारे ३,२०० गरोदर बायकांवर मोठा अभ्यास झाला. अर्ध्या जणींना गॅस आणि मोफत इंधन दिलं. त्यांच्या श्वासातला धूर खूप कमी झाला, पण बाळांच्या सरासरी वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. २०२२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. माझं मत असं की गॅस पोचेपर्यंत त्यांचे पहिले दोन-तीन महिने उलटून गेले होते. शिवाय एका घरात गॅस आणि शेजारी चूल, कचरा असेल तर हवा पुरती बदलत नाही. यावरून मी गॅस सोडा असं म्हणत नाही, उलट म्हणतो की दिवस राहण्याच्या आधीपासून आणि अख्ख्या वस्तीने मिळून व्हायला हवं. लग्न झालेल्या मुलीच्या घरी पहिली टाकी भरून देणं हा माझ्या मते चांगला आहेर आहे.

द्राक्षवाला_निफाड

मी शेतकरी. आमच्याकडेही चूक आहे म्हणून लिहितो.

एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की बांधावर काड्यांचे ढीग पडतात. पूर्वी संध्याकाळी पेटवून मोकळे व्हायचो. ऑक्टोबर सरता सरता थंडी उतरते, आणि काका म्हणतात तसा तो धूर गावावरच बसतो. आता मी काड्यांचा चुरा करून बागेतच टाकतो, दोन वर्षांत जमीन भुसभुशीत झाली. यंत्र भाड्याने मिळतं. शेजाऱ्यांपैकी दोघांनी सुरू केलं, बाकीचे बघतायत.

दुसरं, फवारणी. छाटणीनंतर काड्यांना कोंब फुटायची रासायनिक पेस्ट लावायला, विरळणीला पेठ-सुरगाण्याकडच्या बायका येतात. त्यात गरोदर असतात, सांगत नाहीत, कारण सांगितलं की मजुरी जाते. त्यांची लेकरं बांधावर झोळीत. ब्लोअर चालू असताना वारा झोळीकडे गेला की कोण बघतं? मागल्या हंगामापासून मी फवारणीच्या दिवशी बायकांना कामावर बोलावत नाही, पेस्ट लावायला गरोदर बाई घेत नाही, तिला बसून करायचं काम आणि तीच हजेरी देतो. माझी बाग छोटी आहे, मोठ्या बागायतदारांना कदाचित परवडणं सोपं जाईल. ते करतील तर खूप फरक पडेल.

आशा_पेठ

दादा, तुमच्यासारखे दहा मालक भेटू देत. आमच्या बायका हंगामाला उतरल्या की चार महिने त्यांची तपासणीच तुटते. कार्ड घरी, बाई बागेत.

मालेगावची_लेक

धुराचं सगळे बोलले, उष्णतेचं मी सांगते. माहेर मालेगाव, सासर नाशिक. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून एप्रिलच्या शेवटी गेले. पारा ४३ वर. वरच्या मजल्यावरची खोली, वर पत्रा, खाली लूमची घरघर, कापसाचे तंतू हवेत. रात्री अकरा वाजता भिंत हाताला गरम लागायची. बाळ सातव्या दिवशी मलूल, दूध ओढेना, अंग तापलेलं. आम्ही जंतुसंसर्ग समजून पळालो. डॉक्टर म्हणाले, आधी याला गार खोलीत ठेवा आणि आईला पाजू द्या. चोवीस तासांत ताप उतरला. वजनात घट झाली होती, लघवी दिवसभरात दोनदाच.

त्या दिवसापूर्वी घरातल्या सगळ्यांचा एकच आग्रह होता, उन्हाळा आहे, बाळाला चमच्याने पाणी द्या, ग्राइप वॉटर द्या. मी दिलंही होतं थोडं.

बालरोग_नारोड

ताई, हे लिहिलंत ते फार मोलाचं आहे. सहा महिन्यांपर्यंत बाळाला पाण्याचा थेंबही नको, मालेगावच्या उन्हाळ्यातसुद्धा. आईच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं. पाण्याने पोट भरतं, दूध कमी ओढलं जातं, आणि पाणी अशुद्ध असेल तर जुलाब. पाणी आईने प्यायचं, आणि बाळाला मागेल तेव्हा, जास्त वेळा पाजायचं. सहा-आठ वेळा लघवी होते ना, एवढं बघा.

अहमदाबादला मे २०१० मध्ये प्रचंड उष्णतेची लाट आली. तिथल्या एका सार्वजनिक रुग्णालयात प्रसूती कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर होता आणि तापाने फणफणलेली नवजात बाळं भरती होऊ लागली. कक्ष खाली हलवल्यावर उष्णतेमुळे होणाऱ्या भरत्या कमी झाल्या. नुसता मजला बदलला, औषध नाही. २०१३ मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा केला. आपल्याकडेही घरात तेच करता येतं. बाळंतीण तळमजल्यावर, पत्र्याला चुना किंवा पांढरा रंग, वर ओली गोणपाटं.

गरोदर बाईला उष्णता का बाधते तेही सांगतो. बाळाची उष्णता तिच्या शरीरातूनच बाहेर पडते. घाम गाळायला रक्त त्वचेकडे जातं, पाणी कमी पडलं की गर्भाशयाकडचा पुरवठा घटतो. २०२० मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं. दर एक अंश वाढीमागे अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाची शक्यता साधारण ५ टक्क्यांनी वाढलेली, उष्णतेच्या लाटेत १६ टक्क्यांनी. मे महिन्याचं माहेर कुठे आहे आणि कुठल्या मजल्यावर आहे, हे ओटीभरणाच्या आधी दोन्ही घरांनी बसून बोलायला हवं.

पंचवटीची_आजी

डॉक्टर, तुमचं पटलं. धाकट्या सुनेचं पुढच्या महिन्यात आहे. शेगडी अंगणातच राहील. गरम पाण्याची पिशवी मुलाला आणायला सांगितली. टाळू भरायला आणि अंगाला लावायला तेल तर चालेल ना?

बालरोग_नारोड

तेल चालेल आजी. नाकात-कानात तेवढं घालू नका.

सिडकोची_माय

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. आठ दिवसांत काय काय केलं ते लिहिते.

चालायला आता साडेनऊला जाते, मागच्या गल्लीत. मच्छरची कॉइल बंद केली, मुलीसाठी आणि माझ्यासाठी मच्छरदाणी लावली. देवघरातली उदबत्ती सासूबाईंनी स्वतःहून एकावर आणली, तीही खिडकीशी. झाडताना आधी पाणी शिंपडते, रस्त्याच्या कामाची धूळ घरात पावडरसारखी बसते. तपासणीला गेले तेव्हा कार्डाच्या मागे लिहून नेलं : मोठी छत्तिसाव्या आठवड्यात, २.१ किलो, मागे कचरा जळतो, रस्त्याचं काम चालू. डॉक्टरबाईंनी वाचलं आणि दर पंधरा दिवसांनी यायला सांगितलं.

आता प्लॉटचं. इथेही मागे जळतंच. मी फोटो काढून तक्रार केली, दोन दिवस बंद होतं, पुन्हा सुरू. काल संध्याकाळी राग अनावर झाला म्हणून नवऱ्याला घेऊन सरळ तिथे गेले. ढिगापाशी एक पोरगी बसलेली, वीस-एकवीसची असेल. वायरी जाळून आतलं तांबं काढत होती, ते किलोवर विकलं जातं. धूर सगळा तिच्या तोंडावर. मी तोंड उघडणार तेवढ्यात ती उठली आणि दिसलं, तिलाही पाचवा-सहावा असेल.

काही बोलता आलं नाही. विचारलं, कुठे दाखवतेस? म्हणाली, कुठेच नाही, गावाकडून येऊन चार महिने झाले, कार्ड नाही. तिला घरी आणलं, जेवलो. वायर सोलायचं हत्यार असतं, न जाळता तांबं निघतं, असं नवरा म्हणतो, तो उद्या बघून येणार आहे. पण तिच्या कार्डाचं मी काय करू? तिच्याकडे इथला पत्ता नाही.

आशा_पेठ

पत्ता नसला तरी नोंद होते ताई, अडवून घेऊ नका. तुमच्या भागातल्या आशाचा नंबर मी काढते, आमच्या गटात आहे ती. उद्या सकाळी मला तुमची गल्ली निरोपात कळवा, इथे नको. तिला उपाशी ठेवू नका आणि सोबत तुम्ही जा, एकटी पाठवलीत तर जाणार नाही.